चार लीटरची परेड

त्या मे महिन्यात आमची केंद्रीय दलाची महिला कंपनी निवडणुकीच्या बंदोबस्ताला कवठे महांकाळला उतरली. मी हवालदार, सेक्शन कमांडर. हाताखाली नऊ मुली. माझं माहेर आष्टा, म्हणजे जिल्हा घरचाच. पण घराचं तोंड एक दिवस बघायला मिळालं नाही. नोकरीच तशी.

आमच्याकडे नाका पाच होता. पहाटे साडेपाचला गाडी सोडायची, संध्याकाळी सातला न्यायला यायची. डांबरी रस्ता, दोन बॅरिकेड, एक ताडपत्री आणि चारी बाजूंनी उघडा माळ. झाड म्हणावं तर कमरेएवढं करंजाचं एक रोप. संडास नाही. सगळ्यात जवळचा पेट्रोल पंपावर, चार किलोमीटर मागं, अन् नाका सोडायची परवानगी नाही. दिवसभर ट्रक थांबलेले, ड्रायव्हर बघत असलेले. बाईमाणसानं बसायचं कुठं?

कंपनी कमांडर साहेब माणूस चांगला. उन्हानं कुणी पडू नये म्हणून त्यांनी ऑर्डर काढली, प्रत्येक जवानानं दिवसाला चार लीटर पाणी प्यायचं. आठ, अकरा, दोन आणि पाचला फॉल-इन, म्हणजे रांगेत पाण्याची परेड. दर वेळी लीटरची एक बाटली संपवायची, उलटी करून दाखवायची आणि सेक्शन कमांडरनं रजिस्टरला सही करायची. पाण्याची कमी कधीच नव्हती, बरं का. बर्फाच्या पेटीतलं गार पाणी होतं.

आता आम्ही काय करायचो ते सांगते. दोन घोट घ्यायचे, ओठ ओले करायचे, बाकीची बाटली करंजाच्या बुडात. मग रिकामी बाटली उलटी, अन् मी सही करायची. मीपण ओतायचे, खोटं कशाला सांगू.

साहेब एकदा राउंडला आले. रोपाकडं बघत म्हणाले, "इस सूखे में ये पौधा इतना हरा कैसे?" आम्ही सावधान, हसू दाबून उभ्या.

सेक्शनमधली सिपाही संगीता सातारा जिल्ह्यातली, कोरेगावकडची. सव्वीस वर्षांची. माझं अन् तिचं लय जमायचं. मला चिडवायची, "आक्का, तुमी सांगलीवाल्या हळदीसंगं उकडून निघालेल्या. तुमाला कशाचं ऊन लागतंय!"

चौथ्या दिवशी सकाळी मला म्हणाली, "आक्का, उन्हाळी लागलीया. लघवीला नुसती आग हुतीया."

"मग पाणी पी की गं."

"पिऊ, अन् बसू कुठं? तुमच्या टोपीत?"

सगळ्या हसल्या. मीपण हसले. अकराची परेड झाली, मी सही केली.

तेरा चाळीसला ती बॅरिकेडजवळ पडली. आधी रायफल पडली, मग ती. अंग तव्यासारखं, घामाचा थेंब नाही. ताडपत्रीखाली घेतली, बेल्ट सोडला, बूट काढले. वायरलेस सेट उचलला.

"कंट्रोल, नाका पाच. जवान बेशुद्ध. गाडी पाठवा. ओव्हर."

"नाका पाच, गाडी येतेय. नाका सोडू नका. ओव्हर."

पेटीत अकरा भरलेल्या बाटल्या होत्या. तिचं डोकं माझ्या मांडीवर, बाटली माझ्या हातात, अन् पाजता येईना. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही, ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं. अंगावर ओतलं. पुठ्ठ्यानं वारा घातला. ओला रुमाल ओठांवरनं फिरवला. चौदा वाजता परत विचारलं. "गाडी रस्त्यात आहे." चौदा दहाला तेच उत्तर.

चौदा वीसला मी ऑर्डर मोडली आणि बेदाण्याचा पिकअप अडवला.

"ताई, बॉक्स उतरवू का?" ड्रायव्हरनं विचारलं.

"ऱ्हाऊ द्या. चला."

चाळीस मिनिटं मी ऑर्डर पाळली होती.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी सलाईन लावता लावता विचारलं, "आज किती पाणी प्यायल्यात या?"

माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "दोन लीटर, मॅडम."

त्यांनी संगीताची कोरडी जीभ बघितली, मग माझ्याकडं बघितलं. "खरं सांगा."

"चार घोट."

सोळा दहाला संगीता गेली.

रिटायर झाल्यापासून मी साताऱ्यात भरतीच्या मुलींना पळायला शिकवते. त्या विचारतात, "मॅडम, दिवसाला किती पाणी प्यायचं? कोण तीन लीटर म्हणतं, कोण पाच." मी सांगते, आकडा सगळ्यांना एक नसतो. ऊन किती, मेहनत किती, अंग कसं, त्यावर असतं. उन्हात तहान लागायची वाट बघू नका. लघवीचा रंग बघत जा, गडद झाला की पाणी कमी पडलं समजा. पण पोस्टिंगला गेलात की आधी संडास कुठं ते विचारा. मोठ्यानं विचारा. मी नऊ मुलींची कमांडर, रायफल घेऊन रस्त्यावर उभी राहणारी. पण साहेबांपुढं तो एक शब्द उच्चारायची मला लाज वाटली.

गेल्या उन्हाळ्यात एका लग्नाला त्याच रस्त्यानं चालले होते. नाक्याची जागा ओळखू आली ती करंजामुळं. चांगलं मोठं झाड झालंय. खाली बंदोबस्ताच्या दोन पोलीस मुली उभ्या होत्या. मी गाडी थांबवली, उतरले. माझी नोकरी सांगितली, संगीताचं सांगितलं. दोघींनी नीट ऐकलं.

"पाणी पीत जावा गं पोरींनो," मी म्हणाले.

"पितो की, मावशी. हे बघा." एकीनं हसून बाटली उलटी करून दाखवली.

मला बरं वाटलं. मग झाडाच्या बुडाकडं नजर गेली. तिथली माती ओली होती.