पगाराच्या चटया

आमच्या कारखान्यात पगाराऐवजी चटया मिळायला लागल्या, तेव्हा पहिल्या दिवशी आम्ही हसलो होतो. हसायला काय लागतं? जळगावच्या एमआयडीसीत तेव्हा प्लॅस्टिकच्या चटयांचे कारखाने बरेच होते. प्लॅस्टिकचा दाणा वितळवायचा, त्याची बारीक नळी काढायची आणि ती लूमवर विणायची. मी लूमवर नऊ वर्षं काढली. जळगावला लागून असलेल्या पिंप्राळ्यात एक खोली, त्यात मी, बायको आणि लग्नानंतर सात वर्षांनी झालेली, तेव्हा रांगणारी मुलगी, एवढाच आमचा पसारा.

त्या वर्षी सगळं एकदमच अंगावर आलं. आमचा बराच माल आखाती देशांत जायचा. तिकडे लढाई पेटली आणि गाठोडी गोदामात पडून राहिली. लढाई संपली, पण तेल महाग झालं ते झालंच. तेल महाग म्हणून दाणा महाग, डिझेल महाग म्हणून ट्रकचं भाडं महाग. मग रुपया पडला. सरकारने सोनं परदेशात गहाण टाकल्याचं पेपरात आलं, तेव्हा बायको म्हणाली, "बघा, सरकारलासुद्धा अंगावरचं काढावं लागलं, मग आपलं काय घेऊन बसलात." बँकेने कारखान्याच्या शेठला कर्ज देताना हात आखडला. दुकानदार म्हणायचे, गिऱ्हाईकच नाही तर माल ठेवून काय करू. आणि गिऱ्हाईक कुठून येणार, गिऱ्हाईक म्हणजे आम्हीच की. आमच्यासारखेच दुसऱ्या कारखान्यांतले, निम्म्या पगारावर आलेले. हे सगळं मला चहाच्या टपरीवर उभं राहून समजलं. समजून उपयोग काय झाला, ते विचारू नका.

आठ लूम होते. पाच बंद झाले. माझे मोठे भाऊ सुरतेला पॉवरलूमवर होते, त्यांचा निरोप यायला लागला, निघून ये, इथे काम आहे. सुरतेला जायचं नाही, एवढं एकच मी ठरवलं होतं. भाऊंची खोली मी बघितली होती. बारा माणसं पाळीपाळीने झोपायची, एकाची गोधडी गार व्हायच्या आत दुसरा आडवा. माणूस घरी यायचा दिवाळीला आणि आखाजीच्या सणाला, तेही सुट्टी मिळाली तर. सात वर्षं देवळं, दवाखाने करून झालेली पोर, तिच्या घरात मी पाहुणा म्हणून यायचं? बायकोला म्हटलं, इथे मीठ-भाकर खाईन, पण जाणार नाही. त्या दिवशी तिने भाकरीबरोबर ठेचा जरा जास्त वाढला.

म्हणून शेठने चटयांचं काढलं तेव्हा मी सगळ्यात आधी हो म्हटलं. शेठ मारवाडी, वडलांपासून जळगावात, बोलायचे आमच्यासारखंच. त्यांनी सगळ्यांना बोलावून स्वच्छ सांगितलं, "रोख माझ्याकडे नाही, माल आहे. ज्याला पाहिजे त्याने पगाराच्या चटया घ्याव्या. पण घरोघर फिरून विका. दुकानात देऊ नका. अमळनेर, धरणगाव, पारोळा, तिकडची दुकानं माझी गिऱ्हाइकं आहेत. अमळनेरच्या एकाची लग्नसराईची ऑर्डर येणार आहे. ती आली की दोन-तीन महिने लूम चालतील, तोवर बाजार सुधरेल."

माझ्या शेजारच्या लूमवर एक म्हातारे आबा होते, अमळनेरकडचे. काम त्यांनीच मला शिकवलेलं. त्यांनी चटया घेतल्या नाहीत. म्हणाले, "आपला माल आपनच गावोगाव इकाले लागनूत, मंग शेठ कोले इकी?" मी म्हटलं, आबा, तुमची पोरं कमावती आहेत, तुम्हाला सुचतं असलं. ते आपल्या लूमकडे वळले. मला बरं वाटलं, कारण आपणच विकल्यावर शेठ कोणाला विकणार, हे त्यांचं म्हणणं खोडता येत नव्हतं.

पहिले आठ दिवस पिंप्राळ्यातच विकल्या. पण आमच्याच कॉलनीत आणखी तिघे चटया घेऊन फिरत होते. ज्या घरात जावं तिथे बाई दारातूनच हात हलवायची, घेतली बाबा, कालच घेतली. मग मी अमळनेरला जायचं ठरवलं. तिथे आमची एक मावशी होती, ओळखीपाळखी होत्या. सकाळच्या एसटीच्या टपावर गाठोडं चढवलं. कंडक्टरने लगेजवरून डोकं खाल्लं ते वेगळंच.

ऊन मरणाचं. गाठोडं खांद्यावर घेऊन गल्ल्या पालथ्या घातल्या. मावशीने एक घेतली, तीही माझ्या तोंडाकडे बघून. दुपारपर्यंत चार गेल्या. खांदा सोलून निघाला होता. शर्ट चिकटला की सोडवताना डोळ्यांत पाणी यायचं. बायकोने बांधून दिलेली भाकरी मी एका शाळेच्या भिंतीच्या सावलीत खाल्ली आणि तिथेच बसून राहिलो. मला उठायचाच कंटाळा आला होता. आयुष्यात एवढा कंटाळा मला पुन्हा कधी आला नाही, सुरतेतसुद्धा नाही.

परतीची गाडी साडेपाचची. स्टँडच्या अलीकडे भांडी, बादल्या, चटयांचं एक मोठं दुकान होतं. मी फक्त पाणी मागायला थांबलो. दुकानदाराने पाणी दिलं, खुर्ची दिली. चटईची कड अंगठ्याने दाबून बघितली आणि कारखान्याचं नाव मी न सांगता ओळखलं. "कितीला?" मी शेठचा घाऊक भाव सांगितला. ते म्हणाले, "दोन रुपये कमी कर, सगळ्या ठेवून जा." शेठचे शब्द मला आठवले नाहीत, असं म्हणालो तर खोटं होईल. चांगले आठवले. पण ते गाठोडं परत टपावर चढवायचं, पुन्हा कंडक्टरची बोलणी खायची, जळगावला उतरून पिंप्राळ्यापर्यंत खांद्यावर न्यायचं, हे माझ्याच्याने होणार नव्हतं. मी घासाघीससुद्धा केली नाही. रिकाम्या हाताने गाडीत बसलो आणि खिडकीला डोकं टेकून जळगावपर्यंत झोपलो. घरी आल्यावर मुलीला उचलून घेतलं, तेव्हा खांदा दुखत होता, पण मन हलकं होतं. बायकोला सांगितलं, सगळ्या खपल्या.

पंधरा दिवसांनी शेठने उरलेले तीन लूमही थांबवले. अमळनेरची ऑर्डर गेली होती. दुकानदाराने कळवलं होतं, तुमचीच माणसं दोन रुपये कमीने देतात, त्या भावाने द्या, नाहीतर राहू द्या. तेवढ्यावर तो थांबला नव्हता, धरणगावच्या आणि पारोळ्याच्या दुकानदारांनाही त्याने भाव सांगितला होता. त्या भावात शेठला दाणासुद्धा परवडत नव्हता. आम्ही सगळे शेडमध्ये उभे होतो. मी खाली बघत होतो. आबा माझ्या शेजारीच होते, त्यांनी माझ्याकडे मान वळवली नाही. वळवली असती तर बरं झालं असतं.

सुरतेला जायचं तर अनुभवाचा दाखला हवा, म्हणून दोन दिवसांनी मी शेठकडे गेलो. त्यांनी दाखला लिहिला, सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवत म्हणाले, "तू दिल्यास ना त्या, अमळनेरला? दुकानदाराने मला खांद्यावरचं रक्तसुद्धा सांगितलं." मी मान हलवली. वाटलं, शिव्या देतील. हाणली असती तरी चाललं असतं. ते म्हणाले, "मीच तुमच्या खांद्यावर दिल्या होत्या. जा, काम चांगलं कर." तेवढं बोलून ते दुसऱ्याच्या दाखल्याला लागले.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. तिने माझे कपडे पिशवीत भरणं थांबवलं नाही. भरता भरताच विचारलं, "त्या परत आणल्या असत्या तर ती ऑर्डर राहिली असती?" मी म्हटलं, राहिली असती बहुतेक. "म्हणजे दोन-तीन महिने तुम्ही घरी असता." मी म्हटलं, पुढे कधीतरी कारखाना बंद झालाच असता, सगळेच होत होते, एकट्या माझ्याने थोडंच झालं. हे मी अजूनही म्हणतो, आणि ते खरंही आहे. ती म्हणाली, "हो," आणि पिशवीचे बंद बांधले.

मी गेलो त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात मुलगी पहिल्यांदा चालली. बायकोने पत्रात बाकी काही लिहिलं नव्हतं. भिंत सोडून चार पावलं दारापर्यंत आली, एवढंच लिहिलं होतं.