मधल्या फळीतली जागा

गेल्या वर्षी दसऱ्यानंतरच्या सोमवारी आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघातली, मधल्या फळीत खेळणारी सर्वांत चांगली मुलगी विद्यापीठाच्या निवडीला न जाता ऊसतोडीला गेली. तेलगावच्या रस्त्यावर उसाच्या पाचटाचा वास आला की तिला घेऊन गेलेला तो ट्रॅक्टर आठवतो. तोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता मोजतात; तिची वहिनी बाळंत झाल्याने भाऊ एकटा पडला होता. "निवड झाल्यावर पाठवा की," मी म्हणालो. तिचे वडील म्हणाले, "सर, तुमच्यात अकरा असतेत, आमच्यात दोघंच. एक कमी पडलं तर मुकादम घेत न्हाई." ट्रॉलीत चढताना ती म्हणाली, "सर, माझ्या जागी त्या डावखुरीला खेळवा. लई पळती." मी डावखुरीला नेलं. तिची निवड झाली. ही यंदाही तोडीला गेली आहे.