काठावरचा वाटा

मी लाल गाडीवर कंडक्टर. गोंडपिपरीहून गडचिरोलीपर्यंत माणसं नेते, आणते आणि सुट्ट्या पैशांवरून भांडते. तोंड चालवल्याशिवाय हे काम होत नाही, त्यामुळे माझं तोंड घरीदारी सारखंच चालतं. बाबांना लकवा मारला तेव्हा मात्र ते काही दिवस बंद होतं. त्यांची उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. आई आधीच गेलेली, भाऊबहीण नाही, नवऱ्याचा विषय मी फार पूर्वीच संपवलेला. म्हणजे बाबांना उठवायचं, धुवायचं, भरवायचं ते मीच.

रजा होती तोवर चाललं. रजा संपली, मग बिनपगारी झाली, मग तीही संपत आली. आगारातले साहेब वाईट नव्हते. म्हणाले, "बाई, सोमवारपासून या, नाहीतर सोडते म्हणून लिहून द्या. गाडी मी किती दिवस दुसऱ्याच्या भरवशावर चालवू?" त्यांचं काही चुकत नव्हतं. पण नोकरी सोडली तर बाबांची औषधं बंद, आणि कामावर गेले तर बाबा दिवसभर एकटे. सोमवारच्या आत मला घरात बसणारं एक माणूस हवं होतं, बस.

सरकारी मदत मिळते म्हणून कोणीतरी सांगितलं, तर तालुक्याच्या कचेरीत गेले. तिथल्या बाबूंनी पंखा माझ्याकडं वळवला, एवढी माणुसकी दाखवली. म्हणाले, "तुमचे वडील निराधार कसे? घरात पगार येतो ना."

"त्यांच्यापाशी बसले तर तो पगार बंद होणार आहे."

"मग बंद झाला की या. तेव्हा बघू."

"आणि मी घरी राहून त्यांचं सगळं करते, त्याचं काही?"

"ते तर मुलीचं कर्तव्यच आहे, ताई."

वा रे वा! आधी बुडून दाखवा, मग हात देतो. हे मी त्यांना तोंडावर म्हटलं. त्यांनी पंखा परत स्वतःकडं वळवला.

मला कामावर परतता यावं म्हणून मधे शेजारच्या गावची एक बाई पैसे देऊन ठेवली होती. हाताला चांगली होती, बाबांना कूस बदलून द्यायची. पण तेंदूपत्त्याचा, म्हणजे बिडीच्या पानांचा हंगाम लागला आणि ती पहाटे जंगलात जायला लागली. वर्षभराची कमाई त्या दिवसांत निघते, तिला थांब तरी कसं म्हणणार? सगळा गावच पानं तोडायला आणि पुडे बांधायला लागलेला. पैसे द्यायची तयारी असूनही माणूस मिळेना.

गावात उरले होते ते तलावावरचे मासेमार. बाबा जन्मभर त्यांच्यातलेच. आमच्याकडं जाळं सगळे मिळून ओढतात आणि मासोळ्यांचे वाटे काठावरच पळसाच्या पानांवर पडतात. आजारी माणसाचाही वाटा घरी पोचतो. बाबांचाही आला होता. त्यांनी डाव्या हातानं ते पान ढकलून दिलं. "पाण्यात उतरलो नाई. फुकटचं खात नाई." हे सगळं त्यांनी वाकड्या तोंडानं, पण स्पष्ट ऐकू जाईल असं सांगितलं. वाटा परतवणं आमच्यात फार मोठी गोष्ट आहे. परतवला की तो माणूस मंडळीतून उठला, मग त्याच्या दारात बोलावल्याशिवाय कोणी जात नाही. बाबांना हे पक्कं माहीत होतं. त्या दिवसापासून अंगणात येऊन बसणारी माणसं बंद झाली. मला इतका राग आला, पण अंथरुणावरच्या माणसावर किती ओरडणार?

म्हणून शनिवारी तलावावर जाऊन बाबांच्या जुन्या सोबत्यावर, भाऊंवर ओरडले. "भाऊ, तुमी सगळे मेले का? एक माणूस आजारी पडला तर कोणी ढुंकून पाहत नाई!"

त्यांनी शांतपणे जाळं झटकलं. "त्यानंच वाटा परतवला, बाई. आमी काऊन जाऊ त्याच्या दारी? फुकटचं खात नाई म्हणे."

"मग त्याले काम द्या ना!" हे मी रागात म्हणाले. म्हणायला काय जातं.

ते काठाकडं बघत राहिले. काठावर एक म्हातारा सगळ्यांचे कपडे, डबे आणि वाळत घातलेली जाळी राखत बसला होता. जो काठ राखतो तो पाण्यात उतरत नाही, पण त्यालाही उतरणाऱ्याइतकाच पूर्ण वाटा मिळतो. ही रीत कधीची, कोणालाच ठाऊक नाही.

सोमवारी सकाळी ते जाळ्यांचा ढीग घेऊन आमच्या अंगणात हजर. "तलावावर कुत्रे जाळी फाडून राह्यले," ते बाबांना म्हणाले. "आता इथीच वाळवतो. तू राख. अन् फाटलेलं सांधाले रोज एक जण येईल." बाबांनी दारातून जाळ्यांकडं बघितलं. कुत्र्यांची गोष्ट खोटी होती हे त्यांना कळलं नसेल असं मला वाटत नाही. पण ते एवढंच म्हणाले, "बाज बाहेर काढ."

मी ड्युटीवर गेले. जो सांधायला यायचा तो बाबांना पाणी द्यायचा, कूस बदलायचा, धरून आडोशाला न्यायचा, आणि बाबांसारखाच त्यालाही काठावरचा वाटा मिळायचा. माझी नोकरी वाचली. पहिले काही दिवस गाडीत मी कोणाशी भांडलेही नाही. प्रवाशांनाच चुकल्यासारखं वाटत असेल.

मग माझ्या सुट्टीचा दिवस आला. मी घरी होते, म्हणून सांधायला कोणी आलं नाही. दिवसभर बाबांचं मीच केलं, नेहमीसारखं. संध्याकाळी भाऊ दोन पानं घेऊन आले आणि दोन्ही ओट्यावर ठेवली.

"एक जास्त झालं, भाऊ."

"जास्त नाई. एक त्याचं, एक तुयं. आज काठावर तू होती ना."

एवढं बोलून ते निघाले. बाबांना लकवा मारला त्या दिवसापासून मी रडले नव्हते. त्या ओट्यावर बसून रडले, अगदी आवाज काढून. आणि बापाचं करायचा कसला वाटा, म्हणून माझं पान उचलून भाऊंच्या मागं धावणार, तेवढ्यात बाजेवरून डावा हात आला आणि त्यानं माझा पदर धरला.

"परतवू नोको, माय," बाबा म्हणाले.