शनिवारची गाठ

रविवारी दुपारी साताऱ्याहून आलेल्या मेव्हण्यासोबत मी जेवायला बसलो होतो, तेव्हा दारावरची बेल वाजली. करावे गावातून सायकलवर एक माणूस आला होता. धर्मादादा सकाळी तळ्यावर गेले आणि तिथेच गेले, एवढंच सांगून तो जिना उतरला. मी खरकट्या हातानेच चपला शोधू लागलो. मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं... काल शनिवार होता आणि मी गेलो नव्हतो, हे आलं.

याला आता सात आठवडे होत आले. शनिवार आला की दुपारपासूनच माझं घरात लक्ष लागत नाही.

पावणे एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये धर्मादादांनी आणि मी बारा वर्षं एकत्र काढली. ते लेथ मशीनवर, मी स्टोअरमध्ये. मी देशावरचा, नेरूळच्या नव्या सोसायटीत राहायला आलेला. मासा फक्त ताटात पाहिलेला. ते करावेचे कोळी. वडिलांची होडी होती, पण खाडीत भराव पडत गेले, मासळी आटली आणि होडीवरचा माणूस लेथवर उभा राहिला. त्यांचा एक चुलतभाऊ जहाजावर नोकरीला होता. त्याने परदेशातून जिगची एक पुडी आणून दिली. जिग म्हणजे मण्याएवढा शिशाचा गोळा, त्यातून निघालेला गळ आणि मागे पिसांची रंगीत शेपटी. आमिष लावायचं नाही. पाण्यात हलवत ठेवला की माशाला तो जिवंत किडा वाटतो. पुडी संपल्यावर दादांनी लेथवर स्वतःच साचा बनवला. लंच टाइममध्ये शिसं वितळवायचे, कोंबडीची पिसं बांधायचे आणि लेकीच्या नेलपॉलिशने डोळे काढायचे. ती लग्न होऊन उरणला गेली, तेव्हा नेलपॉलिशची बाटली मागे ठेवून गेली.

गावालगत भरतीचं पाणी अडवायला बांधलेलं तळं आहे. त्यात चिलापी मासा मिळतो, तळहाताएवढा. गावातले लोक हसायचे, कोळ्याचा माणूस पोरांसारखा गळाची काठी घेऊन बसतो म्हणायचे. मीही एकदा विचारलं. ते म्हणाले, "जाल्यान मासा गावतो, पन कलत नाय. हितं तो बोटाला कलतो." त्या दिवशी त्यांनी काठी माझ्या हातात दिली. तंगूस, म्हणजे तो काचेसारखा नायलॉनचा दोरा, माझ्या बोटावरून गेला होता आणि पलीकडे काहीतरी हळूच टोचत होतं. मी चाळिशीचा माणूस, पण अंगावर काटा आला.

जिग बांधायला त्यांनी मला शिकवलं, तेही अनेक रविवार घालवून. माझा हात सवयीने करकचून आवळायचा. ते सोडायला लावायचे. जिगच्या डोक्याशी दोरा ओवायची कडी असते, तिच्यावर गच्च गाठ बसली की तो ताठ राहतो, मेलेला दिसतो, असं त्यांचं म्हणणं. आधी तंगूसला एक सैल गाठ, टोक जिगच्या कडीतून घालून परत त्याच गाठीत, मग मूळ दोऱ्याभोवती चार वेढे आणि पुन्हा गाठीतून बाहेर. ओढल्यावर कडीभोवती छोटा मोकळा फास राहायला हवा. त्या फासात जिग डोलतो. वेढे चार म्हणजे चारच. दोन घातले तर धरल्यासारखं वाटतं, पण मासा लागला की गाठ सरकते.

मग त्यांचे हात कापायला लागले. आधी चहाचा कप हिंदकळायचा, नंतर लेथ सुटला. कंपनीतून निवृत्ती घेतली, पण तळं सुटेना. काठी धरता यायची; कडीतून तंगूस ओवता यायचा नाही. मी म्हटलं, दादा, शनिवारी संध्याकाळी मी येऊन बांधून देत जाईन. त्यानंतर दोन वर्षं मी एकही शनिवार चुकवला नाही. त्यांच्या ओट्यावर बसून बांधायचो, ते ओढून बघायचे, आणि हिरावहिनी आतून चहा आणायच्या.

त्या शनिवारी मेव्हण्याला वाशी दाखवायची होती. करावेला दादांच्या शेजारच्या दुकानात फोन होता. एक फोन करायला हवा होता... केला नाही. वाटलं, एक रविवार नाही गेले तर काय होतंय.

ते सापडले तेव्हा बांधाच्या उतारावर बसलेले होते. पाय गुडघ्यापर्यंत चिखलात, काठी मांडीवर, आणि टोकाला जिग नव्हता. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. सगळे तेच म्हणाले. मला मात्र एकच प्रश्न पडला होता, की गाठ बांधली कुणी?

तेराव्यानंतर मी गेलो. वहिनी ओट्यावर एकट्याच होत्या. त्यांनी विचारायच्या आधीच सांगितलं, "दिवाबत्ती झाली तरी वाट बगत व्हते. मंग मीच बांधला. दोन वर्सं मी बगत व्हते तुमचं बांधनं." आतून त्यांनी काठी आणली आणि तंगूसचं टोक माझ्या तळहातावर ठेवलं. "भाऊ, माजी गाठ सुटली का वो? मासा लागला, जिग गेला, म्हनून ते चिखलात उतरले का?"

तंगूस दगडाला घासून तुटला तर टोक सरळ, खरबरीत असतं. गाठ सरकून सुटली तर टोकाला बारीक वळ्या पडतात, डुकराच्या शेपटीसारख्या. माझ्या हातावर वळ्या होत्या.

मी म्हटलं, "गाठ पक्की होती वहिनी. तंगूस दगडाला घासून तुटलाय."

त्यांनी मान हलवली. चहा केला. आम्ही उरणच्या लेकीबद्दल, पेन्शनच्या कागदांबद्दल बोललो. मी उठलो, ओट्याच्या पायऱ्या उतरलो, तेव्हा त्या मागून म्हणाल्या, "माजा बाप जाली इनायचा, भाऊ. तंगूस कसा तुटतो आन गाठ कशी सुटते, मला म्हाईत हाय."

मला वळून बघवलं नाही. त्याच पुढे म्हणाल्या, "शनवारी या."

मी जातो. काठी दाराच्या कोपऱ्यात उभी असते. तंगूसच्या त्या टोकाला मी हात लावत नाही, वहिनी ते कापू देत नाहीत. वारा आला की ते दाराच्या चौकटीला हलकेच घासतं, आणि आम्ही दोघंही बोलता बोलता तिकडे बघतो.