हडंब्यापुढचा पदर

बोरीच्या शिवारात केशरबाईची टोळी सोयाबीन मळायला आली, की हडंबा लगेच सुरू होत नाही. ट्रॅक्टरला जोडलेलं ते मळणीचं धूड ताटकळत राहतं आणि केशरबाई बायकांभोवती फिरते. हिचा अंबाडा दाबून बघ, तिचा पदर कमरेला नीट खोचलाय का बघ, साडीवर पुरुषी शर्ट आहे का, त्याची बटणं लागलीत का बघ. बायका वैतागतात. "मावशी, लग्नाला चाललाव का आमी?" अशी थट्टाही होते. केशरबाई हसत नाही.

त्याला कारण राजेश्री. टोळीतली हसरी, कामाला चलाख बाई. तिची वेणी ट्रॅक्टरवरून मशीन फिरवणाऱ्या शाफ्टमध्ये गेली, तेव्हा तिचं डोकं मांडीवर घेऊन केशरबाईच जीपमधून परभणीच्या दवाखान्यात गेली होती. राजेश्री वाचली, पण अजूनही ती आरशाकडं पाठ करून बसते. पुढच्या ग्रामसभेत केशरबाई उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच चार माणसांत बोलली. केस बांधल्याशिवाय, पदर खोचून वर शर्ट घातल्याशिवाय बाई मशीनजवळ जाणार नाही, आणि शाफ्टवर जाळी नसेल त्या मशीनवर टोळीच येणार नाही. मशीनवाल्यांनी नाकं मुरडली, पण सुगीत मजुरांची मारामार, करतात काय! ठराव झाला. तेव्हापासून बोरीत मशीननं कुणाला ओढलं नव्हतं.

एवढी शहाणी बाई. पण घरात तिचा कायदा वेगळाच.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या मुलाचं, धम्मानंदचं, लग्न झालं. सून पिंकी परभणी शहरात वाढलेली. सासऱ्यापुढं मोकळ्या डोक्यानं वावरायची. सासरा तात्याराव मुलखाचा गरीब माणूस, त्याची काही तक्रार नव्हती. केशरबाईलाच गल्लीची लाज. "सासऱ्याची चाहूल लागली की पदर डोक्यावर पायजे," तिनं पहिल्याच आठवड्यात बजावलं, आणि चुकलं की डोळे वटारले. पिंकी शिकली. तात्याराव रीतीप्रमाणे दारात खाकरला, की हातातलं काम टाकून तिचा हात आपोआप डोक्याकडं जायचा. केशरबाई हे नळावर कौतुकानं सांगायची.

दिवाळीच्या तोंडावर आभाळ भरून आलं. मशीनवाल्या भुजंगच्या स्वतःच्याच सोयाबीनची सुडी, कापून रचलेला ढीग, उघड्यावर पडलेली, आणि टोळीतल्या निम्म्या बायका तापानं झोपलेल्या.

"काकू, भिजलं तर वाटोळं हुईल बगा. सुनंला आना की," भुजंग काकुळतीला आला.

केशरबाईच्या मनात नव्हतं, पण भिडेपोटी हो म्हणाली. निघताना पिंकीला म्हणाली, "चांगली साडी नेस, लोकांत जायचंय." पिंकीनं ऐकलं नाही. कामावर कशाला नवी, म्हणत जुनेरच नेसली.

शेतात केशरबाईनं तिचे केस स्वतः बांधले, धम्मानंदचा शर्ट चढवला, बटणं लावली आणि तिला मशीनच्या तोंडापासून लांब, भुसा ओढायला लावलं. तरी जीव थाऱ्यावर नव्हता. एक पेंढी मशीनकडं, एक नजर सुनेकडं. शाफ्टवर जाळी होती, पण ट्रॅक्टरपाशी सांध्याजवळ हातभर शाफ्ट उघडाच होता. "उद्या झाकतो की," भुजंग म्हणाला होता, आणि आभाळाकडं बघून केशरबाई गप्प बसली होती. ते गप्प बसणं आता तिला सारखं टोचत होतं.

तेवढ्यात तात्याराव चहाची किटली घेऊन बांधावरून आला. तोंडाशी मूठ नेऊन खाकरला. त्या घरघरीत ऐकू काय येणार? पण पिंकीनं ती मूठ बघितली. टोपलं टाकलं, शर्टाखालून पदर उपसला, डोक्यावर घेतला आणि सासऱ्याला वाट द्यायला मागं सरली. मागं ट्रॅक्टर होता.

केशरबाई जिवाच्या आकांतानं ओरडली. कुणालाच ऐकू गेलं नाही. वाऱ्यानं पदर उडाला आणि शाफ्टनं त्याचं टोक धरलं. केशरबाई धावली. हातातली पेंढी ट्रॅक्टरवर बसलेल्या पप्पूच्या तोंडावर फेकली आणि सुनेच्या कमरेला मिठी घातली. दोघी ओढल्या जाऊ लागल्या. मग कापड टर्रकन फाटलं आणि त्या भुशात पडल्या. पप्पूनं मशीन बंद केली, तेव्हा पदराचा पीळ शाफ्टला गच्च बसला होता. जुनेर होतं म्हणून फाटलं. सकाळी सांगितलेली चांगली साडी असती तर? केशरबाईला पुढचा विचार करवेना.

पिंकीचा खांदा सोलवटला होता, ओठ पांढरेफटक पडले होते. समोर तात्याराव किटली धरून उभा. आणि पिंकीचा हात उरलीसुरली चिंधी डोक्यावर ओढू बघत होता.

"ऱ्हाऊ दे गं माय," केशरबाईनं तो हात धरला.

"मामा उभे हायेत, आत्या."

केशरबाईला रडू आवरेना. "मीच हिला मशीनीकडं लोटलं," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "मीच शिकवलं व्हतं हे!"

खांदा बरा झाल्यावर पिंकी पुन्हा टोळीत आली. भुजंगनं शाफ्ट टोकापासून टोकापर्यंत झाकला होता. केशरबाईनं अंबाडे बघितले, पदर बघितले, बटणं बघितली. पप्पूनं चावीला हात घातला.

"थांब," ती म्हणाली, आणि तात्यारावाला जवळ बोलावलं. "खाकरा."

"आं?"

"खाकरा म्हनलं न्हवं!"

तात्याराव ओशाळून खाकरला. पिंकीचा हात खांद्यापर्यंत उठला आणि तिथंच अडखळला. टोळीतल्या आणखी दोघीतिघींच्या घरच्या सुनांपैकी दोघींचे हात तर डोक्यावर जाऊनही पोचले होते.

आभाळ पुन्हा दाटत होतं. भुजंग चुळबुळ करत होता. केशरबाईनं कुणाकडं बघितलं नाही. ती फक्त बायकांचे हात निरखत होती.

"अवो," ती नवऱ्याला म्हणाली, "आनि एकदा खाकरा."