नुसता अलार्म

आमच्या ह्यांना हॉस्पिटलात सगळे जनरेटरकाका म्हणतात, मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत. घरी मी काहीच म्हणत नाही, कारण म्हटलं तरी ऐकू जाईल याची खात्री नाही. त्या खोलीत राहून कानांचं पार वाटोळं झालंय. मशीनचा सूर जरासा जरी उतरला तरी मात्र पहिला यांनाच कळतो. बायको घसा कोरडा करते, ते नाही कळत.

जनरेटरची खोली तळमजल्यावर, मागच्या बाजूला. डायलिसिसचा वॉर्ड वरच्या मजल्यावर, आणि तिथली खिडकीजवळची खुर्ची माझी. माझ्या किडन्यांनी हात टेकले त्याला आता बराच काळ झाला. आठवड्यातून तीनदा माझं रक्त नळ्यांतून बाहेर काढतात, साफ करतात, परत आत घालतात. विजेची लाइन गेली की यांचं मशीन, म्हणजे जनरेटर, सुरू होतं. म्हणजे घरात काय नि तिथं काय, मी यांच्याच जिवावर.

मध्यंतरी हॉस्पिटलनं जुना रेग्युलेटर काढून डिजिटल बसवला. आल्टरनेटरमधून, म्हणजे जनरेटरच्या वीज तयार करणाऱ्या भागातून, किती व्होल्टेज बाहेर पडायचं ते सांभाळणारा हा डबा. जुन्याचं एक बटण फिरवलं की झालं. नव्याला पडदा, आणि तोंड फार. कुठं काही बिनसलं की बोंब मारतो. किरकोळ असेल तर नुसता अलार्म, गंभीर असेल तर सरळ वीज तोडतो. त्याला हे ट्रिप म्हणतात. कशावर नुसतं ओरडायचं आणि कशावर तोडायचं, हे त्या पडद्यावरच ठरवता येतं. हॉस्पिटलच्या इंजिनिअरनं ते विचार करून लावून दिलं होतं. हे सगळं पुराण मला रोज जेवताना ऐकावं लागायचं. मी म्हणायचे, "अहो, आमटीत मीठ नाही, ते तरी कळलं का?"

पहिला फटका मलाच बसला. त्या दिवशी लाइन गेली होती, मशीन चालू होतं, आणि व्होल्टेज मोजणारी तार सैल झाली. रेग्युलेटरला व्होल्टेजच दिसेना, म्हणून त्यानं ट्रिप केलं. त्याची चूक नव्हती. न मोजता चालू राहिला असता तर व्होल्टेज वाट्टेल तेवढं चढलं असतं. पण वर आमच्या डायलिसिसच्या यंत्रांच्या बॅटऱ्या मेलेल्या निघाल्या. सिस्टर हातानं रक्ताचा पंप फिरवायला धावली, ती आधी शेजारच्या खुर्चीवरच्या मास्तरांकडे, कारण त्यांची तब्येत जास्त तोळामासा. तेवढ्यात माझ्या नळ्यांतलं रक्त गोठलं. हे धापा टाकत वर आले तेव्हा त्या लाल नळ्या बादलीत पडल्या होत्या. हे बादलीकडे बघत उभे राहिले.

तार घट्ट केली, तिथं विषय संपायला हवा होता. पण यांनी पडद्यावर जाऊन एकेक ट्रिप काढली आणि सगळ्याला नुसता अलार्म लावला. जनरेटरवाल्यांची ही जुनीच खोड. संरक्षण आडवं येतंय असं वाटलं की तेच काढून टाकायचं, आपण बसलोय ना लक्ष ठेवायला. घरी येऊन मला कौतुकानं सांगितलं, "आता तुझ्या वेळी मशीन बंद पडायचं नाही." कोणी आपल्यासाठी एवढं करतंय म्हटल्यावर कुणाला बरं वाटणार नाही?

मग तो दिवस आला. सकाळपासून लाइन नव्हती. मशीन चालू असताना हे कधी खोली सोडत नाहीत, आणि त्या दिवशी चक्क माझ्या खुर्चीपाशी येऊन उभे. तोंड उतरलेलं.

"डायोडचा अलार्म वाजतोय," हे हळूच म्हणाले.

आल्टरनेटरच्या फिरत्या भागावर छोटे डायोड असतात. त्यातला एक गेला की आतलं तारांचं वाइंडिंग तापत जातं; त्यावरची ट्रिप यांनीच काढलेली. ताटावर बसून मला हे पाठ झालेलं. मी म्हटलं, "मग बंद करा ना."

"डायोड कपाटात आहे, आजच्या आज बसेल. पण तोवर दुसरा लहान जनरेटर लावायचा, तो फक्त आयसीयूला पुरतो. तुझं अजून निम्मं राहिलंय."

"आणि चालू ठेवलं तर?"

"वाइंडिंग जळेल. मग महिनाभर काही नाही."

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? इथं मी एकटी आहे का? आता बॅटऱ्या नव्या आहेत, सिस्टर सगळ्यांचं रक्त परत आत घालेल. बंद करा म्हणते ना."

बॅटऱ्या बदलल्याचं यांना माहीत होतं. पण डोळ्यांपुढे ती बादली. "काढेल गं तग," म्हणाले आणि खाली गेले. मी सिस्टरला हाक मारली, तिनं इंजिनिअरला लावायला फोन उचलला, तोवर दिवे पिवळे पडत पडत विझले. जळकट वास वरपर्यंत आला. बॅटऱ्यांवर सगळ्यांचं रक्त परत गेलं, माझंसुद्धा. म्हणजे मशीन उगाचच गेलं. मला इतका संताप आला की रडू फुटलं.

पुढचे कित्येक आठवडे लाइन असेल तेव्हाच डायलिसिस. नाही तर लांबच्या हॉस्पिटलात जायचं, तिथं जागा मिळाली तर. मास्तरांना तो प्रवास झेपेना. दोन खेपा चुकल्या, छातीत पाणी झालं, आयसीयूत गेले. वाचले, पण परत आले ते चाकाच्या खुर्चीतून. त्यांची बायको मुद्दाम यांना शोधत खाली गेली. यांचे हात हातात घेऊन म्हणाली, "काका, त्या दिवशी तुम्ही शेवटपर्यंत मशीन चालवलंत, फार उपकार झाले."

हे तसेच उठून इंजिनिअरकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. त्यानं ऐकून घेतलं, ट्रिप पुन्हा लावल्या, पासवर्ड बदलला. कामावरून काढलं नाही. मग यांनी स्वतःच मागितलं, बायकोच्या डायलिसिसच्या वाराला मला मशीनवर ठेवू नका.

मी घरी भांडले. "खाली तुम्ही असता म्हणून मला वर झोप लागते. आता कोण कुठला माणूस बसवणार तिथं?"

"त्याला तू कोण ते माहीत नाही, तेच बरं," हे म्हणाले. "मी तिथं असलो तर परत तेच करीन."

आता माझ्या वाराला हे माझ्या शेजारी स्टुलावर बसतात. परवा लाइन गेली, खालचं मशीन सुरू झालं, थोडं चाललं आणि गपकन बंद पडलं. ट्रिप. हे ताडकन उठले, दारापर्यंत गेले, चौकटीला धरून थांबले, परत येऊन बसले. सिस्टर बॅटरीवर रक्त परत देत होती. माझं निम्मंच झालं होतं, पाय सुजलेले तसेच राहणार होते.

मी म्हटलं, "बरोबर झालं हो. मशीन वाचलं."

"बरोबर झालं," हे माझ्या पायांकडे बघत म्हणाले. "पण मला नाही सोसत."