मेश्राम सर आणि सॉरी

मेश्राम सर आज सकाळी गेले. मी त्यांना शेवटचं काय पाठवलं, तर एक हसणारा इमोजी.

कामठ्याच्या शाळेत ते आम्हाला इंग्रजी शिकवायचे. सातवीत मी रागाच्या भरात वनिताची वही फाडली. सरांनी बोलावलं, तशी पटकन सॉरी म्हणून मोकळी झाले.

"कुठी दुखून राहिलं?" सरांनी विचारलं.

"कुठीच नाई सर."

"मंग सॉरी कायले म्हणून राहिली?"

अन् फळ्यावर दोन शब्द लिहिले. सोअर आणि सॉरी.

सोअर म्हणजे दुखरी जागा. त्यातूनच जुन्या इंग्रजीत सॉरी आला. ज्याला आतून दुखतं, त्यानेच म्हणायचा शब्द.

"लोकायले वाटते, सॉरो म्हंजे दुःख, त्याच्यातून आला. थो याचा शेजारी हाये, सोयरा नाई."

सगळा वर्ग हसला. मी मात्र फाटक्या वहीवर हात फिरवत बसलेल्या वनिताकडे पाहिलं आणि मला रडू फुटलं.

"आता म्हण," सर म्हणाले.

त्यांच्याकडे कोणाचाच सॉरी फुकट खपायचा नाही.

गेल्या महिन्यात सर गोंदियात अ‍ॅडमिट झाले. माझ्या ऑफिसपासून स्कूटीने दहा मिनिटं.

फोनवर म्हणाले, "येऊन जा बेटा एखाद वेळी. इथी बोलाले कोणी नाई."

मी मेसेज केला, सॉरी सर, मीटिंग आहे.

मग दुसरा. सॉरी सर, गाडी पंक्चर झाली.

गाडी ठणठणीत होती. मी सेलमध्ये साड्या बघत होते.

परवा तिसरा. सॉरी सर, रविवारी नक्की.

लगेच रिप्लाय आला. "कुठी दुखून राहिलं?"

मला वाटलं, सर जुनी मस्करी करतात. इमोजी टाकला आणि फोन पर्समध्ये ठेवला.

ती मस्करी नव्हती, हे मला आज कळतंय. चांगली शिकलेली बाई मी, पण अक्कल कुठे गहाण टाकली होती कोण जाणे.

आज शनिवार आहे. रविवार उद्या आहे.

दुपारी मी सरांच्या पायाशी बसून सॉरी म्हणाले. चारदा म्हणाले. घर माणसांनी भरलं होतं. कोणी काही विचारलं नाही.

सर, एकदा विचारा ना. आज मला उत्तर येतं.

लय दुखून राहिलं सर. सॉरी.

तुमच्या विद्यार्थिनीचा शेवटचा जय भीम.